पुढचा अध्याय मेंढपाळांचा

अध्यक्षांच्या सत्काराची तारीख आठवडाभर पुढं ढकलली ती भिंतीचा रंग वाळेना म्हणून. प्रार्थनाघराच्या सभागृहात समोरच्या भिंतीला नवा फिकट निळा रंग दिला होता आणि तो अजून हाताला लागत होता. पाहुण्यांचे कोट खराब व्हायला नकोत, असं समितीत ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी गेले. वाचनाच्या पुस्तकातली खुणेची रिबीन कुठं आहे, हे मात्र समितीतल्या एकानंही बघितलं नाही. आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

त्याचं असं होतं, की या मंडळींची एक रीत होती. दर आठवड्याच्या सभेत जुन्या हिब्रू संदेष्ट्यांचा एक अध्याय वाचायचा. मागच्या खेपेला जिथं थांबलो, तिथून पुढचा. निवडायचा नाही, गाळायचा नाही, अर्ध्यावर सोडायचा नाही. शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून. ही रीत घालून देणाऱ्या जुन्या माणसांना आपली माणसं चांगली ठाऊक असावीत. माणसाला निवडायला सांगितलं की तो ताटातलं गोड तेवढं उचलतो, आणि संदेष्ट्यांच्या ताटात गोड मुळातच कमी. वाचन संपलं की थोडा वेळ शांतता, मग अध्यक्षांनी उभं राहून सगळ्यांच्या वतीनं म्हणायचं, "आम्हांला मान्य." ते म्हटल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. अध्यक्ष वर्षानुवर्षं ते म्हणत आले होते, आणि खरं सांगायचं तर अलीकडे मनगटावरच्या घड्याळाकडं बघतच म्हणत होते.

वाचनाचं काम ताईंकडं होतं. चौकात त्यांचं औषधांचं दुकान. आधी त्यांचे वडील वाचायचे, ते गेल्यावर ताई वाचू लागल्या. आणि अध्यक्ष म्हणजे ताईंचे सख्खे थोरले भाऊ. सगळा समाज त्यांना दादा म्हणायचा, पण पहिल्यांदा दादा म्हणण्याचा मान ताईंचा, तोही बोबड्या बोलीतला.

सभेआधी अध्याय एकदा नजरेखालून घालायचा, ही ताईंची सवय. सत्काराच्या सभेला येणारा अध्याय बघायला दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी काउंटरवर पुस्तक उघडलं, रिबीन बाजूला केली आणि चार ओळी वाचून चष्मा काढून ठेवला.

अध्याय मेंढपाळांचा होता.

हा संदेष्टा परमुलखातला, बंदिवानांच्या वस्तीत राहिलेला. राजधानी पडल्याची बातमी एक पळून आलेला माणूस नुकताच सांगून गेलेला. अशा वेळी रडणाऱ्यांचे डोळे पुसायचे सोडून देव त्याला म्हणतो, मेंढपाळांविरुद्ध बोल. मेंढपाळ म्हणजे राजे आणि कारभारी, हे तिथं लहान पोरालाही कळत होतं. दूध तुम्ही प्यालात, लोकर तुम्ही पांघरलीत, धष्टपुष्ट जनावर कापून तुम्ही जेवलात, आणि कळप उपाशी. मग एकामागून एक आरोप येतात, आणि त्यात एकही मोठ्या लढाईचा किंवा राजकारणाचा नाही. दुबळ्याला बळ दिलं नाही. आजाऱ्याला बरं केलं नाही. मोडलेलं बांधलं नाही. भरकटलेल्याला वळवून आणलं नाही. हरवलेल्याला शोधलं नाही. राज्य बुडालं ते न केलेल्या एवढ्याशा कामांनी.

हरवलेला म्हटल्यावर त्या गावात कुणालाही एकच माणूस आठवला असता. पोस्टमनकाका.

समाजाचा एक वृद्धाश्रम होता. दादांनीच उभा केलेला, यात वाद नव्हता. तरुणपणी दारोदार फिरून त्यांनी विटा मागितल्या होत्या आणि गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहिली होती. पुढं आश्रमाला ऑफिस झालं, ऑफिसला काचेचं दार झालं, दाराआड टेबल, टेबलावर घंटी. दादा रोज ऑफिसात जात. ऑफिसच्या मागं कॉरिडॉर होता आणि कॉरिडॉरच्या टोकाला मागचा हॉल, तिथं जाणं हळूहळू सुटलं. दादांनी कुणाचं काही खाल्लं नाही. फक्त कळप मोजायचं सोडून दिलं. परिचारिका काम सोडून गेली, तिच्या जागी दुसरी आली नाही. मागच्या हॉलचं छत गळायला लागलं, खाली बादली आली. समितीच्या सभेत सभागृहाच्या रंगावर चर्चा झाली. बादलीवर झाली नाही.

या आश्रमातून एका सकाळी पोस्टमनकाका बाहेर पडले. वय झालं होतं, डोक्यात नोकरीचा कुठला तरी जुना दिवस शिरला असावा. उशीचा अभ्रा पिशवीसारखा खांद्याला लावलेला, त्यात रद्दीतली वर्तमानपत्रं. दारोदार जाऊन ते एकेक वर्तमानपत्र देत सुटले. लोकांनी हसून घेतलं. "काका, आज मनीऑर्डर नाही का?" म्हणून कुणी थट्टाही केली. जन्मभर ज्याला या रस्त्यांवरून चालताना पाहिलं, तो आज चालतोय यात कुणाला वावगं वाटलं नाही. रात्रीच्या जेवणाला ताट उरलं तेव्हा आश्रमात कळलं. दादांच्या कानावर गेलं तेव्हा ते सत्काराच्या बैठकीत होते. "येतील, सगळं गाव त्यांच्या ओळखीचं आहे," असं म्हणाले आणि पुढच्या विषयाकडं वळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका दूधवाल्यानं काकांना आपल्या गाडीत घालून आणलं. शेजारच्या गावात एका बंद घराच्या पायरीवर बसले होते, कोणीतरी दार उघडेल म्हणून. एका पायात चप्पल नव्हती आणि तळवा फाटला होता.

ती जखम आता ताई बांधत होत्या. दुकान बंद करून, पट्ट्या आणि मलम घेऊन, एक दिवसाआड.

त्यामुळं "मोडलेलं बांधलं नाही" या ओळीपाशी त्यांचा चष्मा निघाला, यात नवल नव्हतं.

तेवढ्यात टेलरमास्तर आले. मास्तर म्हणजे समाजाचे उपाध्यक्ष. गळ्यात मापाची टेप, बोलण्यात मध. अॅसिडिटीची गोळी मागता मागता त्यांची नजर पुस्तकावर गेली आणि त्यांनी सहज विचारलं की या खेपेला काय आहे. ताईंनी सांगितलं. मास्तरांचा चेहरा असा उजळला की गोळीची गरजच उरली नाही.

दादांच्या खुर्चीचं माप मास्तरांनी केव्हाच घेऊन ठेवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळपर्यंत अध्यायाची बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा दुकानात. यावेळी चेहरा जरा उतरलेला. घरी जाऊन त्यांनी स्वतः तो अध्याय वाचला होता, अगदी शेवटपर्यंत; उपाध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच असावा. ते काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, की मेंढपाळांपर्यंतचा भाग फार जोरकस आहे, तो अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचा. पुढं जरा पाल्हाळ आहे. पाहुण्यांना गाडी गाठायची असते.

"म्हणजे मेंढपाळांपाशी थांबू?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही जाणत्या आहात, ताई. मी काय सांगणार?"

"सांगितलंत की."

मास्तरांनी टेप गळ्याभोवती नीट केली आणि गोळी न घेताच गेले.

त्या संध्याकाळी दादांच्या घरून जेवायचं बोलावणं आलं. ताई ओळखून होत्या. वहिनींनी ताईंच्या आवडीचं केलं होतं आणि वाढतानाही हात सैल होता, म्हणजे मामला गंभीर. जेवण होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. नातवंडांचं बोलून झालं, वहिनींच्या गुडघ्याचं बोलून झालं. हात धुऊन दादा खुर्चीत बसले आणि म्हणाले की दोन आठवड्यांनी येणारा अध्याय त्यांनी पाहिलाय. दगडाचं काळीज काढून माणसाचं काळीज देण्याबद्दलचा. किती सुंदर आहे. तो आधी घेतला तर काय बिघडतं?

ताई म्हणाल्या की मधले दोन गाळावे लागतील.

"रिबीन सरकवायला कितीसा वेळ लागतो गं?"

"बाबांनी कधी सरकवली नाही."

"बाबांच्या वेळी अध्यक्ष मी नव्हतो."

यावर ताईंना हसू आलं आणि दादांनाही आलं. क्षणभर दोघं पुन्हा एका घरातली झाली. पण हसू ओसरल्यावर दादांचा आवाज चढला. त्यांनी कुणाचं दूध प्यालं, कुणाची लोकर पांघरली, एक तरी दाखवून दे, असं ते म्हणाले. पंचवीस वर्षं समाजासाठी चपला झिजवल्या. एक दिवस चार माणसं चार बरे शब्द बोलणार, तर त्या दिवशी सख्ख्या बहिणीनं व्यासपीठावरून हे वाचायचं? लोक काय समजतील? मास्तर तर पेढे... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

ताई म्हणाल्या की लोक काय समजायचं ते समजतील, त्या फक्त पुस्तकात आहे ते वाचणार.

मग दादांनी जपून ठेवलेलं काढलं. वडील गेले तेव्हा ताई शाळेत होत्या. दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून गिरणीत नोकरी धरली ती या बहिणीला औषधशास्त्र शिकवायला. परीक्षेच्या दिवसांत पहाटे सायकलवर डबलसीट घेऊन ते तिला केंद्रावर सोडत, चढावर धाप लागली तरी उतर म्हणत नसत.

"ते सगळं विसरलीस, चिमे?"

चिमी हे ताईंचं घरातलं नाव. त्या नावानं हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

"विसरले असते तर सोपं झालं असतं," ताई म्हणाल्या.

वहिनी मधे पडल्या. त्यांना भांडणाचा तिटकारा आणि उपायाची हौस. "वन्सं, असं करा, त्या दिवशी घसा बसला म्हणून सांगा. दुकानात एवढी औषधं आहेत, घसा बसवायचं एखादं असेलच की."

ताई म्हणाल्या की घसा बसला तर मास्तर वाचतील, आणि ते फार सावकाश वाचतील.

दारापर्यंत दादा सोडायला आले. जिन्यातला दिवा लावला आणि तिथंच उभे राहिले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"वाचून झालं की मला उभं राहायचंय. आम्हांला मान्य म्हणायचंय, सगळ्यांसमोर. हे तुझ्या ध्यानात आहे ना?"

"आहे."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर सगळे बसून राहतील, दादा."

घरी आल्यावर ताईंनी सगळं नवऱ्याला सांगितलं. ते घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू फिरवणारा माणूस, तोंडानं मोजकंच बोलायचा. ताई बोलत होत्या आणि ते एका गजराच्या घड्याळाचं झाकण पुसत होते. ताई म्हणाल्या की त्यांना झोप लागणार नाही. ज्या हातानं घास भरवला त्या हातावरच शब्द मारायचे, हे कुठल्या न्यायात बसतं? आणि नाही वाचलं तर काकांच्या पायाला पट्टी कुठल्या तोंडानं बांधायची? एकाला तोडलं तर भाऊ जातो, दुसऱ्याला तोडलं तर आपण स्वतः जातो.

घड्याळजींनी भिंग काढलं. "तुझ्या दादाला पहिला अर्धा नकोय आणि मास्तरांना दुसरा. दोघांनाही अर्धाच नको आहे. म्हणजे अध्याय बरोबर आहे. सगळा वाच."

एवढं बोलून त्यांनी गजराला किल्ली दिली. ताईंना त्या रात्री झोप लागली, आणि चांगली लागली.

सभेच्या दिवशी भिंत खडखडीत वाळली होती. सभागृह भरून गेलं होतं. नेहमी मागच्या बाकांवर पेंगणारे त्या दिवशी पुढं येऊन बसले होते. संदेष्ट्याला इतका श्रोतावर्ग बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. व्यासपीठावर दादा, प्रमुख पाहुणे, मास्तर. दादांनी नवा कोट घातला होता, आणि तो शिवला होता मास्तरांनीच. टेबलावर झाकलेलं मानचिन्ह. दादांनी बहिणीकडं पाहिलं नाही. वहिनी पहिल्या रांगेत हातरुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

ताई उभ्या राहिल्या. रिबीन बाजूला केली.

वडिलांनी त्यांना वाचन शिकवलं तेव्हा एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली होती. बोट ओळीवर ठेवायचं, माणसावर नाही. म्हणून ताईंनी कुठलाही शब्द सुटा केला नाही, कुठं आवाज चढवला नाही. औषध कधी, किती घ्यायचं ते गिऱ्हाइकाला सांगावं, तसं स्पष्ट आणि सपाट वाचत गेल्या. दूध, लोकर, कापलेलं जनावर. दुबळं, आजारी, मोडलेलं. सभागृहात हालचाल सुरू झाली. माना एकदा ताईंकडं, एकदा दादांकडं, वाऱ्यात पीक हलावं तशा. कुणीतरी खोकलं आणि त्या खोकल्यात बराच अर्थ होता. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, गाणं ऐकल्यासारखे. हरवलेल्याची ओळ आली तेव्हा मागून कुणीतरी चक्क "हं" म्हणालं.

दादा पुतळ्यासारखे बसले होते. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल.

मग देव म्हणतो की कळप मी यांच्या हातातून काढून घेणार. यांचं मेंढपाळपण संपलं. माझी मेंढरं आता मीच शोधायला निघतो. ढगाच्या आणि काळोखाच्या दिवशी जी जिथं पांगली तिथून मी आणीन, मोडलेलं मी बांधीन. इथं ताईंनी श्वास घेतला. मास्तरांनी डोळे उघडले आणि पाहुण्यांच्या गाडीची वेळ झाल्यासारखं दाराकडं पाहिलं.

ताईंनी पान उलटलं.

"आणि तुम्ही, माझ्या कळपा," त्यांनी वाचलं, आणि सभागृहातली हालचाल थांबली.

कारण देव आता मेंढरांकडं वळला होता. मेंढरामेंढरांत मी न्याय करणार, असं तो म्हणत होता. चांगल्या कुरणात तुम्ही चरलात ते पुरेसं नव्हतं का, की उरलेलं पायांनी तुडवलंत? निवळ पाणी तुम्ही प्यालात, मग बाकीचं खुरांनी गढूळ का केलंत? माझी दुबळी मेंढरं तुमच्या पायांनी तुडवलेलं खातात आणि तुमच्या पायांनी गढुळलेलं पितात. खांद्यांनी ढकललंत, शिंगांनी हुसकलंत, ती लांब पांगेपर्यंत.

आता माना कुठंच वळत नव्हत्या. जो तो समोर बघत होता. आश्रमाच्या पुढच्या बाजूला, बागेकडं उघडणाऱ्या हवेशीर खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांत कुणाकुणाची माणसं राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांच्या सासूबाई तिथं होत्या. खजिनदारांची आत्या होती. ज्यांना दोन शब्द टाकता आले, त्यांनी आपलं माणूस पुढं सरकवलं, आणि ज्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतं ते सरकत सरकत मागच्या हॉलमध्ये बादलीशेजारी गेले. हे काही दादांनी एकट्यानं केलं नव्हतं. खांद्यांनी केलं होतं, सगळ्यांच्या.

आणि ताई वाचत होत्या तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढं एक सकाळ उभी राहिली. दुकानात गर्दी होती. पोस्टमनकाकांनी काउंटरवर एक वर्तमानपत्र ठेवलं, सलाम केला. ताईंनी म्हटलं, "काका, उन्हात फिरू नका हं," आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली. ते वर्तमानपत्र त्यांनी संध्याकाळी बाटल्या गुंडाळायला वापरलं. आवाज किंचित अडखळला. बोट ओळीवरच होतं, पण आता ते कुणाकडं वळलंय हे त्यांना कळत होतं. त्या थांबल्या नाहीत. अध्यायाच्या अखेरीस देव निवतो. वेळेवर पाऊस, निर्भय झोप, उपाशी कोणी नाही. तेही त्यांनी त्याच आवाजात वाचलं, पुस्तक मिटलं आणि खाली बसल्या.

शांतता पसरली. रीतीप्रमाणे ती थोडीच असायला हवी होती.

पाहुणे नवखे. त्यांना वाटलं संपलं. त्यांनी टाळी वाजवली, दुसरी वाजवली, तिसरीसाठी उचललेला हात तसाच मांडीवर ठेवून दिला.

दादा उठले नाहीत.

लोक बसून राहिले. कुणाचं मूल कुरकुरलं, त्याला गप्प केलं. चिटणीसांनी वाकून मास्तरांच्या कानात सांगितलं, की अध्यक्षांना जमत नसेल तर उपाध्यक्षांनी म्हणावं, घटनेत तशी सोय आहे. मास्तर अर्धवट उठले. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी ते दोन शब्द किती आनंदानं म्हटले असते! आता मात्र तोंडून मान्य म्हटलं की सासूबाईंची खोलीही त्यात येणार होती. ते तसेच वाकलेले राहिले, खाली पडलेली सुई शोधत असल्यासारखे, आणि परत बसले.

ताईंनी भावाकडं पाहिलं. इतका वेळ पाहिलं नव्हतं. तो नवा कोट त्यांना फार मोठा वाटला, किंवा आतला माणूस लहान. उठून त्याच्याजवळ जावं असं वाटलं, पण ही वाट त्याची त्यानंच चालायची होती. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले.

शेवटी दादा उठले. टेबलाच्या कडेला हात टेकून. घड्याळाकडं त्यांनी पाहिलं नाही.

"हरवलेल्याची ओळ पुन्हा वाच," ते म्हणाले.

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मागू नये असंही कुठं लिहिलं नव्हतं. ताईंनी पुस्तक उघडलं आणि ती एक ओळ पुन्हा वाचली. दादांनी मान खाली घालून ऐकली, आधी कधी ऐकलीच नव्हती अशी.

"आम्हांला मान्य," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आम्हांला म्हणजे आधी मला."

लोकांनी उठायला हवं होतं, पण कुणी उठेना. तेव्हा दादांनीच सांगितलं की सत्कार राहू द्या, पाहुण्यांना चहा द्या, त्यांची गाडी आहे. आणि पुढच्या सभेत या खुर्चीसाठी दुसरा माणूस निवडा. हे त्यांनी रागानं म्हटलं नाही की रडवेल्या सुरात नाही. ओझं उतरवणारा माणूस बोलतो तसं म्हटलं. सगळ्यांचे डोळे मास्तरांकडं गेले. मास्तर आपल्या बुटांकडं बघत होते. ती खुर्ची एकाएकी फार उंच दिसायला लागली होती, आणि त्या दिवशी तिथं तिच्यावर चढू पाहणारं कुणी नव्हतं. चिटणीसांनी झाकलेलं मानचिन्ह उचललं, कुठं ठेवावं ते न कळून पुन्हा तिथंच ठेवलं.

ताई मागच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. आत कपबश्या वाजत होत्या. लोक हळू आवाजात बोलत होते, आणि चक्क कुणीतरी मागच्या हॉलच्या छताचं विचारत होतं. दादा बाहेर आले. कोट काढून हातावर घेतला होता. ते बहिणीशेजारी कठड्याला टेकले. आता काय बोलणार, याची ताईंनी मनाशी सगळी तयारी केली होती. आजपासून तू मला मेलीस, इथपर्यंत.

"शेवटपर्यंत वाचशील असं वाटलं नव्हतं," दादा म्हणाले. "मला वाटलं, मेंढपाळांपाशी थांबशील."

"अर्ध्यावर सोडायचं नसतं."

"थांबली असतीस तर मी मान्य म्हटलं नसतं, चिमे. जीव गेला असता तरी. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती, मजा बघायला आल्यासारखी. मी मनात ठरवलं होतं, बसून राहायचं. बसू देत सगळ्यांना, रात्र झाली तरी." ते कठड्याचा पोपडा नखानं काढू लागले. इथं नवा रंग पोचला नव्हता. "मग तू पान उलटलंस आणि बघणारं कुणी उरलं नाही."

ताई म्हणाल्या की त्या पानावर त्याही होत्या. काय घडलं होतं ते त्यांनी सांगितलं. काउंटर, वर्तमानपत्र, बाटल्या. दादांनी ऐकून घेतलं. चुचकारलं नाही, की तुझं काय चुकलं असंही म्हणाले नाहीत. ताईंना तेच बरं वाटलं.

मग दादांनी कोट या हातावरून त्या हातावर घेतला आणि घसा साफ केला.

"काकांची कॉट कुठली गं?"

स्वतः विटा मागून बांधलेल्या घरात कोण कुठं निजतं, हे त्या माणसाला बहिणीला विचारावं लागत होतं. विचारताना त्यांचा चेहरा व्यासपीठावर असताना होता त्याहून जास्त पडला. ताईंना वाटलं, न्याय म्हणतात तो बहुतेक हाच असावा. वीज वगैरे पडत नाही.

"मागच्या हॉलमध्ये, धोबीघराच्या भिंतीला लागून," त्या म्हणाल्या. "पट्टी आज बदलायची आहे. सामान उशाच्या डब्यात आहे. आधी कोमट पाण्यानं भिजवून घे, ओढून काढू नकोस, त्यांना दुखतं. आणि पत्र आलंय का विचारलं तर नाही म्हणू नकोस. उद्या येईल म्हण."

दादांनी मान हलवली. कोट ताईंच्या हातात दिला, बाह्या दुमडल्या आणि आश्रमाच्या दिशेनं चालू लागले. फाटकापाशी नेहमीच्या सवयीनं पाय ऑफिसच्या काचेच्या दाराकडं वळले. तिथं ते थबकले, आणि बाजूच्या अरुंद बोळातून मागं गेले.

आपण बरोबर जावं का, असं ताईंच्या मनात येऊन गेलं. पण धाकट्या बहिणीनं हात धरून न्यावं असं दादांचं वय नव्हतं, आणि पट्टी कशी बांधायची ते त्यांना येत होतं. ताईंचे फुटलेले गुडघे लहानपणी त्यांनीच तर बांधले होते. त्या कोट घेऊन आत गेल्या आणि वहिनींच्या शेजारी चहाला बसल्या.